पाहुण्यांना धारवाड दाखवताना

मे महिन्यात पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी प्रश्न येतोच, "इथे बघण्यासारखे काय आहे?" आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. दांडेलीचे जंगल, गोकर्ण, जोगचा धबधबा, नाहीतर बदामी-ऐहोळे. सगळी ठिकाणे गावाबाहेरची. गावातले दाखवायचे म्हणजे लाईन बाजारातला पेढा आणि इथली हवा, एवढ्यावर आपण थांबतो.

हवेचा अभिमान खोटा नाही. धारवाड समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, मलनाडाच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. इथे महाबळेश्वरसारखे पॉइंट नाहीत, माथेरानसारखे घोडे नाहीत, पण चढउताराचे रस्ते, गर्द झाडी आणि संध्याकाळी अंगावर येणारा गार वारा आहे. पेन्शनीत निघालेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या इथे घर बांधून राहिली ती याच हवेसाठी. थंड हवेच्या गावात लोक चार दिवस राहतात आणि परत जातात. धारवाडला आलेली माणसे मात्र राहिली, आणि त्यांनी गाणे, कविता, नाटक, कशिदा असे पुष्कळ काही मागे ठेवले.

ते सारे एका दिवसात पाहता येईल अशा बेताने ही माहिती आम्ही एकत्र केली आहे. पाहुण्यांसाठी ती आहेच, पण घरातल्या मुलांसाठी जास्त आहे. आपली काही मुले कन्नड सफाईने वाचतात आणि मराठी अडखळत. काहींचे उलटे आहे. बरीच जण दोन्ही नुसते बोलतात आणि वाचतात इंग्रजी. या गावचा ठेवा दोन भाषांत वाटून ठेवलेला आहे. एक भाषा सुटली की निम्मे कपाट बंद राहते.

गावाची बैठक

सोमेश्वर मंदिरापासून सुरुवात करावी. शाल्मला नदीचा उगम इथे मानतात. तिचे पाणी पश्चिमेला वाहते आणि बेडतीबरोबर अरबी समुद्राला मिळते. गावाच्या पूर्वेकडचे पाणी मात्र बंगालच्या उपसागराची वाट धरते. पाणलोटाच्या माथ्यावर बसलेले हे गाव आहे, आणि भाषांच्या बाबतीतही त्याचे तसेच झाले.

किल्ल्याचा आता दरवाजा आणि थोडे अवशेष उरले आहेत. 1791 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रज पलटणीच्या मदतीने कित्येक महिन्यांच्या वेढ्यानंतर हा किल्ला टिपूच्या सरदाराकडून घेतला. पेशवाई बुडाली तेव्हा मुलूख कंपनीकडे गेला आणि पुढे 1956 पर्यंत धारवाड मुंबई इलाख्यात, मग मुंबई राज्यात राहिले. आपल्यातली काही घराणी पेशवाईत आली, काही कचेऱ्या आणि शाळांच्या निमित्ताने, आणि बरीचशी रेल्वेमुळे. सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य ठाणे धारवाडात होते. त्या कंपनीच्या दगडी इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज भरू लागले. 1917 साली सुरू झालेल्या या कॉलेजची इमारत बाहेरून तरी पाहावीच. हुबळीचा रेल्वे कारखाना आणि त्याभोवतीच्या वसाहती हा तर वेगळ्याच लेखाचा विषय आहे. ज्यांचे आजोबा कारखान्यात होते अशा सभासदांनी तो लिहावा.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नये. एकोणिसाव्या शतकात इथल्या सरकारी शाळांत आणि कचेऱ्यांत मराठीचा वरचष्मा होता, आणि कन्नड घरातल्या मुलांनाही मराठीतून शिकावे लागे. डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कन्नड शाळांसाठी खस्ता खाल्ल्या त्या या परिस्थितीत. 20 जुलै 1890 रोजी रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, तो कन्नडला तिच्याच घरात मान मिळावा म्हणून. संघाची वास्तू आजही गावाच्या सांस्कृतिक जीवनाच्या मध्यभागी आहे. तिथे पाहुण्यांना नेले की आमच्यातले काही थोडे अवघडतात. अवघडण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले, टिळकांना गुरुस्थानी मानणारे आलूर वेंकटराव कर्नाटक एकीकरणाचे पुढारी झाले आणि त्यांनीच 'गीतारहस्य' कन्नडमध्ये आणले. भाषेचा अभिमान आणि शेजारच्या भाषेचा व्यासंग एकाच माणसात सुखाने नांदत होते.

साधनकेरी

दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचे घर साधनकेरीला आहे, तळ्याच्या जवळ. शेजारी बेंद्रे भवन उभे आहे. छायाचित्रे, हस्ताक्षर, वापरातल्या वस्तू पाहायला मिळतात. 31 जानेवारी 1896 रोजी धारवाडात जन्मलेले बेंद्रे घरी मराठी बोलत. त्यांचे घराणे चित्पावन, मूळ कोकणातले. लहानपणापासून कानावर पडलेल्या धारवाडी कन्नडात त्यांनी कविता केली आणि तीही अशी, की विसाव्या शतकातल्या कन्नड कवितेचा विचार त्यांच्याशिवाय करता येत नाही. 'अंबिकातनयदत्त' हे त्यांचे टोपणनाव आईच्या नावावरून घेतलेले. 'नाकु तंती' या संग्रहासाठी 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. मधली काही वर्षे ते सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात शिकवत होते. मराठीतही त्यांनी लिहिले आहे, पण आपल्या घरांत ते लेखन क्वचितच दिसते.

बेंद्रे मराठी की कन्नड, असा वाद पाहुण्यांच्या जेवणात हटकून निघतो. आम्ही त्यात पडत नाही. आई मराठी आणि गाव कन्नड, असे त्यांचे सरळ होते. ज्या मुलांचे तसेच आहे त्यांना हे घर दाखवावे, इतकेच. तळ्याकाठी संध्याकाळी बसायला जागा आहे. श्रावणात रिपरिप पाऊस चालू असताना गेलात तर साधनकेरीवर कविता का सुचल्या असतील ते वेगळे सांगावे लागत नाही.

अट्टा

सुभाष रस्त्यावर मनोहर ग्रंथमालेचा 'अट्टा' आहे. अट्टा म्हणजे माळा. जी. बी. जोशी यांनी 1933 साली ही प्रकाशनसंस्था सुरू केली आणि या माळ्यावर कन्नडमधले लेखक येऊन बसू लागले. कीर्तिनाथ कुर्तकोटींसारखा समीक्षक इथे हस्तलिखिते वाचत असे. गिरीश कार्नाड या तरुणाचे 'ययाति' हे पहिले नाटक 1961 मध्ये इथूनच प्रसिद्ध झाले.

कार्नाडांचा जन्म 1938 सालचा, माथेरानचा. थंड हवेच्या खऱ्याखुऱ्या ठिकाणी जन्मलेला मुलगा शिरसीमार्गे धारवाडला आला आणि इथल्या बासेल मिशन हायस्कूलमध्ये आणि कर्नाटक कॉलेजात शिकला. त्यांचे 'तुघलक' मराठीत विजय तेंडुलकरांनी आणले. 'उंबरठा' चित्रपटामुळे तर मराठी घराघरात त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. पाहुण्यांना कार्नाड माहीत असतात, पण ते या माळ्यावरून निघाले हे माहीत नसते. पुस्तके विकत घेता येतात. कन्नड वाचता येणाऱ्या मुलाला तिथेच एक नाटक घेऊन द्यावे.

जी. ए.

मराठी वाचक धारवाडला येतो तो बहुतेक वेळा जी. ए. कुलकर्णींची चौकशी करत. त्याला दाखवायला आपल्याकडे स्मारक नाही. पण गाव आहे, आणि जी. एं.च्या बाबतीत ते पुरावे.

बेळगाव भागातले जी. ए. इथल्या जे. एस. एस. कॉलेजात तीस वर्षांच्या आसपास इंग्रजी शिकवत होते. 'निळा सावळा' 1959 चा, 'पारवा' 1960 चा, 'रक्तचंदन' 1966 चा, 'काजळमाया' 1972 चा. मराठी कथेचे वळण बदलणारी ही पुस्तके पुण्या-मुंबईपासून दूर, कन्नड बोलणाऱ्या गावात बसून लिहिली गेली. 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार, पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेवरून वाद निघताच, त्यांनी परत केला. सभा-संमेलने टाळली, मुलाखती टाळल्या. कॉलेज, क्लब, पत्ते, वाचन आणि चित्रे काढणे हा दिनक्रम. पत्रे मात्र भरभरून लिहिली आणि ती पुढे खंडांतून छापली गेली. शेवटच्या काळात प्रकृतीसाठी ते पुण्याला गेले आणि 11 डिसेंबर 1987 रोजी तिथेच वारले.

आपल्या सभासदांपैकी ज्येष्ठांत काही जण त्यांचे विद्यार्थी होते. ते सांगतात की वर्गात हा माणूस मराठीतला एवढा लेखक आहे याचा पत्ता लागत नसे. आम्हाला यात जी. एं.चा स्वभाव दिसतो तसा गावाचाही दिसतो. धारवाडने त्यांना कोणी म्हणून मिरवले नाही, आणि त्यांना हवे होते तेही तेच. त्यांच्या कथांतली भाजलेली तांबडी माती, माळ, पडके वाडे, कानडी वळणाची नावे ही कल्पनेतली नव्हेत. पुण्याच्या वाचकाला ती गूढ वाटतात. आपल्या मुलांना ती कलघटगीच्या रस्त्याने जाताना खिडकीतून दिसतात. 'माणसे: अरभाट आणि चिल्लर' हे त्यांच्या मागून प्रसिद्ध झालेले पुस्तक मोठ्यांनी वाचावे. लहानांसाठी 'बखर बिम्मची' आहे. रात्री झोपताना त्यातले एकेक प्रकरण वाचून दाखवले की पुरते.

कुंदगोळची गाडी

आता गाण्याकडे. इथे आम्ही जास्त रेंगाळणार आहोत.

एवढ्याशा टापूत एवढे मोठे गवई कसे झाले, हा प्रश्न पाहुणे विचारतातच. उत्तर नकाशात आहे. उत्तरेला मिरज-कोल्हापूर, म्हणजे हिंदुस्थानी गाण्याचे दरबार आणि मिरजेचे तंबोरे. दक्षिणेला म्हैसूर, जिथला दरबार उत्तरेकडच्या गवयांनाही बोलावत असे. मधल्या वाटेवर हुबळी-धारवाड. रेल्वे झाल्यावर गवई इथे उतरू लागले, राहू लागले, शिकवू लागले. भास्करबुवा बखले काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिक्षक होते. उस्ताद अब्दुल करीम खाँ या भागात वारंवार येत. सतारिये रहिमत खाँ इथे स्थायिक झाले आणि त्यांच्या घराण्यात पुढे बाळे खाँ यांच्यासारखे वादक निपजले. सतारीचे ते घराणे आजही धारवाडचे म्हणून ओळखले जाते. शिवाय मराठी नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडत. नाट्यसंगीताने इथल्या कानांना रागांची ओळख करून दिली, ती कन्नड घरांतही.

हुबळीहून बंगळूरच्या मार्गावर वीसेक किलोमीटरवर कुंदगोळ आहे. पूर्वी ते जमखंडी संस्थानात होते. रामचंद्र गणेश कुंदगोळकर इथले. अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकले, मराठी रंगभूमीवर स्त्री-भूमिका गाजवल्या आणि सवाई गंधर्व झाले. मराठी रसिकांनी दिलेली पदवी त्यांना आयुष्यभर चिकटली. 12 सप्टेंबर 1952 रोजी ते पुण्यात वारले आणि पुढच्या वर्षापासून त्यांच्या नावाचा महोत्सव पुण्यात सुरू झाला. त्या महोत्सवाची तिकिटे मिळवायला धडपडणाऱ्या आपल्या पुणेकर नातेवाइकांना कुंदगोळचा नाडगीर वाडा दाखवावा. नाडगीरांनी गाण्याला आश्रय दिला होता आणि सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ इथेही बैठका होतात. जुन्या लाकडी खांबांमध्ये जमिनीवर बसून गाणे ऐकायचे. गावातले शंभुलिंग मंदिरही जुने आणि पाहण्याजोगे आहे.

गदग भागातला एक मुलगा गाण्याच्या वेडाने घरातून पळून हिंदुस्थानभर फिरला आणि अखेर याच कुंदगोळात गुरूच्या घरी पाणी भरत राहिला. तो भीमसेन जोशी. त्याच सुमारास हुबळीहून गंगूबाई हनगल रेल्वेने कुंदगोळला जात आणि शिकून गाडीने परत येत. आज त्या मार्गावरून जाताना आपण मोबाइलमध्ये डोके घालून बसतो. एकदा तरी मुलांना खिडकीशी बसवून हे सांगावे.

गंगूबाईंचा जन्म 5 मार्च 1913 चा, धारवाडच्या शुक्रवार पेठेतला. आई अंबाबाई कर्नाटक संगीत गाणाऱ्या. मुलीचा कल हिंदुस्थानीकडे दिसला म्हणून त्यांनी तिला तिकडे वळवले. शुक्रवार पेठ ही ब्राह्मण वस्ती, आणि गंगूबाई गाणाऱ्या बाईची मुलगी. शेजारच्या बागेतला आंबा घेतला तेव्हा जी वागणूक मिळाली ती त्यांनी पुढे मोकळेपणी सांगितली आहे. 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये महात्मा गांधींसमोर स्वागतगीत गाताना मनात धास्ती होती ती गाण्याची नव्हती. कार्यक्रमानंतर आपल्याला उष्टी काढायला सांगतील की काय, याची होती. अकरा वर्षांच्या मुलीची ही धास्ती. ज्या गल्ल्यांत ती मनात बसली त्यांत आपल्या समाजाचीही घरे होती. हे लिहिणे आम्हाला सोपे गेले नाही, पण गंगूबाईंचा मोठेपणा सांगताना एवढे गाळून सांगणे बरोबर नव्हे.

घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज बदलला आणि भारदस्त, पुरुषी वाटणारा तो स्वर हीच त्यांची ओळख झाली. सुरुवातीच्या तबकड्यांवर 'गांधारी हनगल' असे नाव आहे आणि जी. एन. जोशींबरोबरची मराठी भावगीते आहेत. जुन्या घरांत ट्रंकेच्या तळाशी अशी तबकडी असण्याची शक्यता आम्हाला खरी वाटते. 2002 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 21 जुलै 2009 रोजी हुबळीत त्या गेल्या. शुक्रवार पेठेतले जन्मघर सरकारने संग्रहालयासाठी घेतले. हुबळीत देशपांडे नगरला 'गंगालहरी' हे राहते घर आहे, आणि त्यांच्या नावाचे गुरुकुल गुरुगृही राहून शिकण्याची जुनी पद्धत चालवते. संग्रहालयांच्या वेळा बदलतात. निघण्यापूर्वी चौकशी करून जावे, नाहीतर कुलूप पाहून परत येण्याची वेळ येते. आमच्यावर ती आली आहे.

मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे. पोरवयात कन्नड नाटक कंपनीत गाणारे, मग मिरजेच्या नीलकंठबुवांचे शिष्य, मग अल्लादिया खाँसाहेबांचे पुत्र मंजी खाँ आणि बुर्जी खाँ यांच्याकडे. म्हणजे कन्नड रंगभूमी, मिरज आणि जयपूर घराणे असा त्यांचा प्रवास. अनवट राग त्यांच्या गळ्यात सहज बसत आणि मैफलीच्या शेवटी ते कन्नड वचने गात, ती मराठी श्रोतेही डोळे मिटून ऐकत. त्यांचे 'मृत्युंजय' हे घर आता स्मारक आहे. साधे, बैठे घर. पद्मविभूषण मिळालेल्या माणसाचे घर एवढेच कसे, असे एका छोट्या पाहुण्याने विचारले होते. त्याला घरातल्या फोटोंमधले तंबोरे दाखवले.

बसवराज राजगुरू यलिवाळचे, गदगच्या पंचाक्षरी गवयांकडे तयार झालेले. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रणे ऐकावीत, विशेषतः मराठी नाट्यपदे आवडणाऱ्यांनी. 8 जानेवारी 1950 रोजी धारवाड आकाशवाणी सुरू झाली तेव्हापासून या सगळ्यांचे गाणे घराघरातल्या रेडिओवर आले. दिनदर्शिकेत दोन तारखा लिहून ठेवाव्यात. 12 सप्टेंबर ही सवाई गंधर्वांची पुण्यतिथी आणि मन्सूरांचीही, ते 1992 मध्ये त्याच दिवशी गेले. 21 जुलै राजगुरूंची (1991) आणि गंगूबाईंची. योगायोगच, पण लक्षात ठेवायला सोपा.

नाटक कुठून कुठे गेले

मराठी रंगभूमीचा जन्म सांगलीला 1843 मध्ये, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने झाला, हे शाळेत शिकवतात. त्याच्या आदल्या वर्षी होन्नावरजवळच्या कर्कीहून एक भागवत मेळा सांगलीला आला होता आणि त्याचा खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले, हे बहुधा शिकवत नाहीत. म्हणजे पहिली ठिणगी कानडीची. त्याच 1843 साली सौंदत्तीजवळ मलप्रभेच्या काठी गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. 1880 मध्ये 'शाकुंतल' आणि त्यामागून 'सौभद्र' लिहिताना त्यांनी पदांना कर्नाटकी चालीही वापरल्या, कारण त्या त्यांच्या कानातच होत्या. पुण्यात संगीत नाटक म्हणून जे डोक्यावर घेतले गेले त्यात आपल्या इकडच्या चाली होत्या.

मग तेच नाटक कंपन्यांबरोबर फिरत हुबळी-धारवाड-गदगला आले आणि इतके लोकप्रिय झाले, की कन्नड मंडळींना चिंता वाटू लागली. गदगच्या शांतकवींनी कन्नड नाटक मंडळी उभी केली ती या मराठी लाटेला उत्तर म्हणून. दिले-घेतले असा हिशेब मांडायला बसलो तर तो जुळत नाही, आम्ही मांडून पाहिला आहे. गुर्लहोसूर धारवाडहून सौंदत्तीच्या बाजूला आहे. यल्लम्माच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करावी.

आजीची चंद्रकळा

वर सांगितलेले सगळे घराबाहेरचे, आणि बरेचसे पुरुषांनी नाव कमावलेले. घरातल्या बायकांचा वारसा कपाटात घडी करून ठेवलेला आहे. आपल्याकडे इरकली लुगडे आणि खणाची चोळी ही नावे रोजची आहेत. इरकल म्हणजे इळकल आणि खण गुळेदगुड्डचा, दोन्ही बागलकोट जिल्ह्यातली गावे. धारवाडचा स्वतःचा असा आहे तो कशिदा, कन्नडमध्ये कसूती.

कशिद्यात कापडावर नक्षी आधी छापत नाहीत. उभे-आडवे धागे मोजत सुई चालवायची आणि मागे गाठ दिसू द्यायची नाही. टाके चार. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात. नेयगी विणल्यासारखा दिसतो, आणि मेंथी फुलीफुलीचा, जरा जाड. नक्षीत तुळशीवृंदावन, गोपूर, पालखी, रथ, हत्ती, मोर. काळ्या चंद्रकळेवर हे काम फार उठून दिसते. एक धागा चुकला की ओळच्या ओळ उसवावी लागते, म्हणून जुन्या बायका बोलता बोलता कशिदा काढत, पण मोजणी आली की गप्प होत. कर्नाटकच्या कसूतीला भौगोलिक मानांकन आहे, तसे नवलगुंदच्या जमखान्यांनाही आणि धारवाडी पेढ्यालाही. बाजारात आता यंत्राची नक्षी कसूती म्हणून विकली जाते. ओळखायचे सोपे आहे, उलटी बाजू पाहावी.

चित्रकलेचे थोडक्यात. डी. व्ही. हळभावी यांनी धारवाडात चित्रकलेची शाळा काढली आणि तिच्यातून या भागातल्या अनेक चित्रकारांचे हात तयार झाले. कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात कन्नड संशोधन संस्थेचे वस्तुसंग्रहालय आहे. तिथल्या मूर्ती आणि शिलालेख पाहिले की बदामीला गेल्यावर नजर तयार असते.

एका दिवसाचा बेत

सकाळी सोमेश्वर, तिथून साधनकेरी, मग 'मृत्युंजय'. दुपारपर्यंत सुभाष रस्ता आणि अट्टा. जेवणानंतर शुक्रवार पेठ आणि विद्यापीठाचे संग्रहालय. यातले एखादे बंद निघेल असे धरूनच चालावे. संध्याकाळी चिगरी बसने हुबळीला येताना उणकलला उतरावे. चालुक्य काळातले चंद्रमौळेश्वराचे मंदिर वस्तीच्या मधोमध आहे. चार दिशांना दारे असलेले मंदिर सहसा पाहायला मिळत नाही, आणि उतरत्या उन्हात दगडावरचे कोरीव काम छान दिसते. तळ्याकाठी गिरमिट आणि मिरची भजी. कोणाला सिद्धारूढ मठात जायचे असेल तर संध्याकाळची वेळ चांगली. महाराष्ट्रातून येणाऱ्या भक्तांची तिथे नेहमी गाठ पडते. कुंदगोळसाठी वेगळा अर्धा दिवस ठेवावा आणि शक्यतो रेल्वेनेच जावे.

पाट्या बहुतेक कन्नडमध्ये आहेत. मुलांना त्या मोठ्याने वाचायला लावाव्यात आणि पाहुण्यांना अर्थ मराठीत सांगायला लावावा. आमच्या अनुभवात मुले हे काम फार आवडीने करतात, कारण तेवढा वेळ पुण्याच्या चुलत भावंडांपेक्षा त्यांना जास्त येत असते.

एक विनंती आहे. ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या, नाटकांच्या जाहिराती, कॉलेजच्या गटछायाचित्रांच्या प्रती किंवा हाताचा कशिदा असेल त्यांनी मंडळाला कळवावे. वस्तू देण्याची गरज नाही, छायाचित्र काढून परत करू. फोटोंवर माणसे कोण, साल कोणते हे आजच घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीला विचारून मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवावे. शाईने लिहू नये, ती पुढच्या बाजूला उतरते.